गव्हात दर वर्षी गेहूंसा आणि जंगली जई परत येते: चूक नेमकी कुठे शोधायची

तक्रार दर फेब्रुवारीत जवळजवळ त्याच शब्दांत येते. जानेवारीत शेत हिरवंगार आणि एकसारखं दिसत होतं. औषध मारलं होतं, खतपाणी वेळेवर झालं होतं. ओंब्या बाहेर पडल्या आणि गव्हाच्या वर हातभर उंच, मोकळे झुकते तुरे डोलू लागले, नाहीतर मधूनमधून बोटाएवढ्या घट्ट हिरव्या गुल्ल्या दिसू लागल्या. ग्वाल्हेरच्या लष्कर-मुरारात राहून डबरा, भितरवार, चिनोर भागातली जमीन बटाईनं देणाऱ्या मराठी घरांत तर हे फार होतं, कारण शेतावर फेरी पडते ती पेरणीला आणि मग थेट ओंबी आल्यावर. मधल्या ज्या वीस-पंचवीस दिवसांत निकाल लागतो, तेव्हा तिथे ओळखणारं कोणी नसतं.

आधी नावं. मोकळा झुकता तुरा असतो तो जंगली जईचा (जई म्हणजे ओट). आपल्या भागात ती बहुतेक अवेना लुडोविसियाना असते, काही ठिकाणी अवेना फॅटुआ. घट्ट गुल्लीवालं गवत म्हणजे फॅलॅरिस मायनर. बटाईदार त्याला गेहूंसा म्हणतो, कोणी गुल्ली डंडा. ‘गेहूंसा’, गव्हासारखा, या नावातच अडचण सांगितलेली आहे. दोन्ही तणं गव्हाच्याच गवतकुळातली. गहू त्या कुळाच्या एका शाखेतला, ही दोन्ही दुसऱ्या शाखेतली, म्हणजे गव्हाची चुलत भावंडं. चाऱ्यासाठी पेरतो ती जई मात्र जंगली जईची सख्खी बहीण आहे. दोघींची गुणसूत्रं ४२, दोघींचा आपसात संकर होतो. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे: नातं जितकं जवळचं, तितके आपल्या हातातले उपाय कमी.

विसाव्या ते पंचविसाव्या दिवशी करायची तपासणी

पहिलं पाणी साधारण २१ दिवसांनी दिलं जातं. त्याच्या आधी एक दिवस आणि पाण्यानंतर जमीन पाय धरू लागली की पुन्हा एकदा, असं दोनदा शेतात जायचं. वरून बघून काही कळत नाही. शेताच्या पाच वेगवेगळ्या जागी, त्यातली एक बांधालगत आणि एक पाटाच्या तोंडाशी, एक-एक मीटरचा चौकोन धरायचा आणि शंका येईल ते रोप खुरप्यानं मुळासकट उचलायचं. ओळींच्या मधे उगवलेलं प्रत्येक गवत संशयितच समजा. खरी फसगत होते ती ओळीत गव्हाला खेटून उगवलेल्यांची.

पातं जिथे खोडाला मिळतं तो सांधा बघा. पातं हलकेच मागे वाकवलं की तिथे गव्हाला दोन बारीक कान दिसतात, आकड्यासारखे, खोडाला मिठी मारून बसलेले, आणि त्यांवर बारीक केस असतात. जंगली जईला कान नसतातच. गेहूंशालाही नसतात. या एका खुणेवर गहू आणि ही दोन तणं वेगळी पडतात. शेतात जव मिसळलेला असेल तर त्याचे कान गव्हापेक्षा मोठे आणि बिनकेसांचे असतात, त्यामुळे त्याचाही घोळ होत नाही. फार कोवळ्या रोपाचे कान नीट दिसत नाहीत. तिथे दहा रुपयांचं भिंग लागतं, आणि ते खिशात असावंच.

त्याच सांध्यावर आतल्या बाजूला पातळ पांढरा पापुद्रा असतो, त्याला जीभ म्हणू. गव्हाची जीभ आखूड असते. जईची आणि गेहूंशाची लांब, सहज दिसणारी.

दोन तणांत फरक करायचा तर बुडाकडे बघा. गेहूंशाच्या खोडाचा जमिनीलगतचा भाग गुलाबी-तांबूस असतो, पातं फिकट हिरवं, गुळगुळीत, बिनकेसांचं. जंगली जईचं पातं रुंद होत जातं आणि त्याच्या बुडाशी कडेला बहुतेक वेळा विरळ लांब केस असतात. आणखी एक खूण आहे, ती दिसायला गमतीची पण कामाची आहे: वरून बघितलं तर गव्हाच्या पात्याला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पीळ असतो, जईच्या पात्याला उलट दिशेनं. चार-पाच पाती बघून ठरवा, एकावर नको.

तरीही खात्री नसेल तर रोपाच्या मुळाशी चिकटलेलं मूळ बी शोधा. माती भिजवून रोप सावकाश उपटलं तर ते बहुधा सापडतं. गव्हाचा सुरकुतलेला दाणा लगेच ओळखू येतो. जंगली जईचं बी तपकिरी किंवा काळसर टरफलात, केसाळ, आणि पुष्कळदा दहा-पंधरा सेंटीमीटर खोलीवरून आलेलं असतं. गेहूंशाचं बी इतकं लहान की सापडणं कठीण, आणि तो वरच्या तीन-चार सेंटीमीटरमधूनच उगवतो. ही खोली लिहून ठेवा. पुढे नांगरणीचा निर्णय तिच्यावर आहे.

औषध मारलं, तरी का उरलं

गव्हात गवत मारणारं औषध म्हणजे एका भावाला मारून दुसऱ्याला वाचवणारं औषध. क्लोडिनाफॉपसारखी औषधं गव्हाच्या आतही जातात. गहू त्यांचं विघटन करून टाकतो, आणि ते काम लवकर व्हावं म्हणून औषधाच्या डब्यातच एक संरक्षक द्रव्य मिसळलेलं असतं. जंगली जईला हे विघटन तितक्या वेगानं जमत नाही, म्हणून ती मरते. निवड अशी नाजूक असल्यामुळे मात्रा, वेळ आणि पाणी यांत थोडी ढिलाईसुद्धा तणाच्या पथ्यावर पडते.

फवारणीनंतर २१ दिवसांनी शेत वाचा. त्याआधी निकाल देऊ नका. क्लोडिनाफॉप किंवा पिनॉक्साडेन लागू पडलं असेल तर आठ-दहा दिवसांत मधला पोंगा ओढल्यावर सहज हातात येतो आणि त्याचं बूड कुजलेलं असतं. रोप पूर्ण वाळायला तीन आठवडे जातात. सल्फोसल्फ्युरॉन तर आणखी सावकाश चालतं, तण आधी पिवळं पडून खुजं राहतं. आठव्या दिवशी ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरा फवारा मारणं हा पैशाचा नाश आहे, गव्हालाही तो बाधतो.

उरलेलं तण पट्ट्यापट्ट्यांनी उभं असेल तर नोझल किंवा चालण्याची चूक. तणनाशकासाठी पसरट फवाऱ्याचं नोझल लागतं. किडींच्या औषधाचं गोल फवाऱ्याचं नोझल लावून मारलं की मधे पट्टे राहतात. एकरी १५० लिटर पाणी धरलं तर १०० चौरस मीटरला सुमारे पावणेचार लिटर बसायला हवं. साध्या पाण्यानं एकदा मोजून बघा. बहुतेक पंपवाले भरभर चालून यातलं जेमतेम निम्मं देतात, म्हणजे मात्राही निम्मीच पडते. बिघ्यानं हिशोब करू नका, बिघा गावागणिक बदलतो. एकर किंवा हेक्टर धरा.

उरलेली रोपं सगळी लहान, दोन-तीन पानांची असतील तर ती फवारणीनंतर उगवलेली दुसरी फळी आहे. पाण्यानंतर गेहूंसा नव्यानं उगवतो. ज्या औषधाचा जमिनीत अंमल नाही, ते या फळीला अडवत नाही.

उरलेली रोपं मोठी, फुटवे फुटलेली असतील तर फवारणी उशिरा झाली. तण दोन ते चार पानांवर असताना, म्हणजे पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांत, पाणी दिल्यावर जमिनीत ओल असताना मारायचं. जानेवारीत ग्वाल्हेरचं धुकं दहा-अकरापर्यंत हटत नाही. पानांवर दव असताना मारलेलं औषध ओघळून जातं. ऊन पडून पानं सुकल्यावरच सुरुवात करा.

रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी त्याच टाकीत मिसळलं होतं का, हेही विचारा. २,४-डीमुळे क्लोडिनाफॉप आणि फेनॉक्साप्रॉपचा गवतावरचा परिणाम घटतो. आधी गवताचं औषध, आठवड्यानं २,४-डी.

आणि शेवटी ते चित्र, जे बघून खरी काळजी करायची: एकाच जागी, एकाच वाढीची दहा रोपं, त्यातली सात मेली, तीन ठणठणीत हिरवी. पंप, पाणी, वेळ सगळं ठीक असूनही असं दिसलं आणि पुढच्या वर्षी त्याच जागी तो ठिपका मोठा झाला, तर तण त्या औषधाला सरावलं आहे.

गेहूंशाच्या बाबतीत हे आधी घडून गेलेलं आहे. आयसोप्रोट्युरॉन वर्षानुवर्षं एकटंच वापरलं गेलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात ते चालेनासं झालं. कारण कळलं तेव्हा ते विलक्षण निघालं: सरावलेला गेहूंसा हे औषध गहू ज्या पद्धतीनं पचवतो त्याच पद्धतीनं पचवू लागला होता. दिसायला गव्हासारखा होताच, पोटातूनही तसा झाला. पुढे त्या पट्ट्यात क्लोडिनाफॉप आणि सल्फोसल्फ्युरॉनलाही न जुमानणारे ठिपके सापडले. म्हणून कापणीची यंत्रं उत्तरेकडून आपल्याकडे येतात तेव्हा शेतात उतरण्याआधी ती झाडून, हवेनं फुंकून घ्या. चालक कटकट करतो, तरी घ्या.

औषधं, मात्रेसह

पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत: पेंडिमेथॅलिन ३० ईसी, एकरी सव्वा ते दीड लिटर, २०० लिटर पाण्यात. किंवा पायरॉक्सासल्फोन ८५ डब्ल्यूजी, एकरी ६० ग्रॅम. दोन्हीला वरची माती ओलसर आणि ढेकळं फुटलेली हवीत. गव्हाचं बी पाच सेंटीमीटर खोल झाकलेलं हवं, उघडं पडलेलं बी यात मार खातं. भाताचं काड जाळलेल्या शेतात जमिनीवरची औषधं कमी पडतात, कारण राख ती धरून ठेवते.

उगवणीनंतर: क्लोडिनाफॉप १५ डब्ल्यूपी एकरी १६० ग्रॅम, किंवा पिनॉक्साडेन ५.१ ईसी एकरी ४०० मिली, किंवा सल्फोसल्फ्युरॉन ७५ डब्ल्यूजी एकरी सुमारे १३ ग्रॅम, सोबत दिलेल्या चिकट द्रव्यासह. पाणी १२० ते १५० लिटर. डब्यावरची मात्रा वेगळी असेल तर डबा प्रमाण.

यातली निवड शेजारपाजार बघून करावी लागते. गव्हात मोहरीच्या ओळी असतील तर सल्फोसल्फ्युरॉन मोहरी मारतं. गव्हानंतर उन्हाळी चाऱ्याला ज्वारी किंवा मका घ्यायचा असेल तरी सल्फोसल्फ्युरॉन टाळा, त्याचा जमिनीतला उरलेला अंश या दोघांना सोसत नाही. गाई-म्हशी असलेल्या घरांत हीच चूक सर्वांत जास्त होते, आणि मे महिन्यात पिवळ्या पडलेल्या ज्वारीचं खापर बियाण्यावर फुटतं. शेजारी जव असेल तर क्लोडिनाफॉपचा शिंतोडाही नको. पिनॉक्साडेन जवाला चालतं. मेट्रिब्युझिन गव्हाच्या काही वाणांना, विशेषतः कठिया गव्हाला, इजा करतं. वाण माहीत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

एकाच गटातलं औषध सलग दुसऱ्या वर्षी नको. क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप आणि पिनॉक्साडेन ही नावं वेगळी असली तरी मारण्याची तऱ्हा एकच आहे. तिघांत फिरणं म्हणजे बदल नव्हे.

औषधाआधीची कामं, ज्यांवर खरा भर हवा

गेहूंशाला उगवायला थंडी लागते, १० ते २० अंशांच्या दरम्यान तो जोरात उगवतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेला गहू थंडी पडेपर्यंत जमीन झाकून टाकतो. हरसीच्या कालव्याखाली भात उशिरा निघतो आणि गहू डिसेंबरात पेरला जातो, तेव्हा दोघं एकाच दिवशी उगवतात आणि मग ओळखण्याचा प्रश्न जन्माला येतो. भाताचा लवकर येणारा वाण घेणं हा गव्हातल्या तणावरचा उपाय आहे, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशोब तोच आहे.

वेळ असेल तर पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, करून आठ-दहा दिवस थांबा. तण उगवू द्या, मग फक्त वरवर कुळवून मारा आणि पेरा. इथे ती खोली कामी येते. गेहूंसा वरच्या थरातून येतो, म्हणून त्याच्या शेतात न नांगरता थेट पेरणीयंत्रानं पेरलं तर खालचं बी खालीच राहतं. जंगली जई खोलवरून येते, तिला नांगरून गाडण्यात अर्थ नाही. तिच्या बियाला गुडघ्यासारखा वाकलेला, पीळदार कुसळ असतो. दवानं ओला झाला की तो उलगडतो, सुकला की पुन्हा पीळ घेतो, आणि असं करत बी स्वतःच मातीत शिरतं. हे बी काही वर्षं झोपून राहतं. म्हणून जईचा एक हंगाम चुकला की पुढचे तीन-चार हंगाम ती फेडत बसावं लागतं.

बियाणं तपासा. घरचं असेल तर एक किलो पांढऱ्या चादरीवर पसरून मोजा. किलोत जंगली जईचे पाच दाणे निघाले आणि एकरी ४० किलो पेरलं तर २०० रोपं आपण स्वतःच्या हातानं लावतो. गेहूंशाचं बी बारीक असल्यानं चाळणीनं निघतं. जईचा दाणा गव्हाइतकाच किंवा लांब असतो, चाळणीनं वेगळा होत नाही. टरफलामुळे हलका असल्यानं वाऱ्यावर उफणून आणि पाण्यात टाकून पुष्कळसा वर येतो, पण सगळा नाही. उरलेला हातानं वेचा किंवा ते बियाणं दळायला पाठवा.

तिसऱ्या वर्षी गहूच सोडा. मोहरी किंवा हरभरा घेतला तर शेतातलं प्रत्येक गवत परकं ठरतं, कान-जीभ बघत बसावं लागत नाही. बरसीमचा चारा त्याहून चांगला, कारण दर कापणीला गेहूंशाचं डोकं उडतं आणि बी धरायची संधीच मिळत नाही.

चाऱ्याच्या जईत जंगली जई आली तर

यावर औषध नाही. दुकानदार देईल, पण जे जंगली जईला मारतं ते पेरलेल्या जईलाही मारतं, दोघींत तेवढं अंतरच नाही. पेरलेली जई मुळात कधीकाळी गहू-जवाच्या शेतातलं तणच होती. गहू उत्तरेकडच्या थंड मुलखात गेला, तिथे तो कमी पडला आणि हे तण तगलं, म्हणून माणसानं तेच पेरायला घेतलं, असं रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी मांडलं. त्यामुळे रोप असताना दोघींना वेगळं करण्याचा आटापिटा करू नका, कान दोघींनाही नाहीत आणि पीळही एकाच दिशेचा.

फरक दाण्यात दिसतो. जंगली जईच्या दाण्याच्या बुडाशी घोड्याच्या नालासारखी खोलगट खूण असते, त्या जागेवरून तो पिकला की आपोआप गळतो. लुडोविसियानात ही खूण जोडीतल्या फक्त खालच्या दाण्याला असते, कारण जोडी एकत्रच गळते. पेरलेल्या जईचा दाणा मळणीत तुटून निघतो, बुडाशी असा नाल नसतो, कुसळ सरळ किंवा नाहीच, टरफल बिनकेसांचं. झाशीला चारा संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिथल्या बुंदेल जईसारख्या वाणांचं प्रमाणित बियाणं मिळवणं ग्वाल्हेरहून अवघड नाही. चाऱ्याचं शेत फुलोऱ्यात येताच पूर्ण कापा, जंगली जई गुरांना चालते आणि बी पडत नाही. त्या शेताचं बी मात्र धरू नका. बी पिकलेली जई गोठ्यात गेली तर काही दाणे शेणातून जिवंत बाहेर येतात. शेणखत ढीग घालून, उलटून, आतून चटका बसेल इतकं तापू द्या, मगच शेतात न्या.

खरिपात हाच प्रश्न भातात सांवा हे गवत घेऊन येतं. तिथे खूण आणखी सोपी: भाताला जीभ आणि कान दोन्ही असतात, सांव्याला दोन्ही नसतात. भाताचाच जंगली भाऊ शिरला तर ही खूण चालत नाही. छत्तीसगडात त्याला करगा म्हणतात, आणि त्यासाठी ‘श्यामला’ हा जांभळ्या पानांचा वाण काढला गेला. पेरलेलं जांभळं, म्हणून हिरवं दिसेल ते उपटायचं. तण पिकासारखं झालं तेव्हा पीकच वेगळं दिसेल असं केलं.

हे वाचताना तुरे आधीच बाहेर आले असतील तर

फवारू नका, आता काही उपयोग नाही. जंगली जईचे दाणे गव्हाच्या कापणीच्या दोन-तीन आठवडे आधीच गळायला लागतात, गेहूंशाची गुल्ली टोकाकडून पिकत खाली येते. म्हणजे हिरवे तुरे असतानाच दोन मजूर लावून पोत्यात खुडायचे. जमिनीलगतून उपटलं तर उत्तम, अर्धवट कापलं तर जई पुन्हा फुटते. बांधावर टाकू नका, तिथून पाटाच्या पाण्यानं ती परत आत येते. ज्या जागी ठिपके होते तिथे चार काठ्या रोवून त्याचा नकाशा बटाईदाराला फोनवर पाठवून ठेवा. नोव्हेंबरात पलेव्यानंतर सगळ्यात आधी तिथेच जायचं आहे.